आधी तुम्ही, मी मागून येते

हे घडलेले आहे.

ऐकीव गोष्टीला दहा तोंडांची चव लागते, तशी हिला लागलेली नाही. जिच्या बाबतीत हे घडले, तिने ते एकदाच सांगितले. सांगताना तिने स्वतःच्या घराचे पुढचे दार सताड उघडे ठेवले होते. बाहेरून झोंबरी थंडी आत येत होती, तरीही.

दार उघडे का, हे शेवटी कळले.

जागा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बेक्सहिल. वेळ १९९८ सालच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारची. रात्र नव्हती, दुपारचा खेळ होता. पण त्या दिवसांत तिथे चार वाजताच अंधारून येते.

बाईचे नाव मेव्हिस पेंड्री. वय सत्तरीच्या पुढे. एकटी. आणि तिने आयुष्यभर पावले टाकून पोट भरले होते.

चित्रीकरणाच्या वेळी माईक नटाच्या तोंडाकडे रोखलेला असतो. पावलांचा आवाज त्यात नीट येत नाही, तो मागाहून भरावा लागतो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र चालते. खाली खडीचा, फरशीचा, लाकडी फळ्यांचा असे चौकोन केलेले असतात. त्यातल्या एकावर उभे राहून कोणीतरी पडद्यावरच्या नटाकडे पाहत, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत, जागच्या जागी चालते. ते काम मेव्हिसचे.

पडद्यावर ऑब्री स्टॅनार्ड चालत, तेव्हा वाजत ती मेव्हिसची पावले.

स्टॅनार्ड हे त्या पिढीच्या इंग्रजांचे लाडके नट. आधी ट्रे घेऊन आत येणारा नोकर, मग एका वाक्याचा पोलीस, मग बंदरावरच्या खुनाचा तपास करणारा अधिकारी, असे चढत चढत ते नायक झाले. त्यांनी पडद्यावर कधी आवाज चढवला नाही. समोरचा बोलत असताना ते नुसते ऐकत, आणि ते ऐकणे पाहायला लोक तिकीट काढत. दिग्दर्शक त्यांना मुद्दाम उशिरा आत आणत. आधी जिन्यावर पावले वाजत. सावकाश, ठाम, एकसारखी. थिएटरातली माणसे खुर्चीत सावरून बसत.

ती ठाम पावले खोटी होती.

युद्धात स्टॅनार्ड यांच्या डाव्या पायाला इजा झालेली होती. पडद्यावर ते नेहमी गुडघ्यापासून वरच दिसत. खरे चालणे त्यांनी मेव्हिसला एकदाच दाखवले होते, स्टुडिओच्या रिकाम्या बोळात.

टक्… स्सर्र.

टक्… स्सर्र.

"ऐकलंस?" ते म्हणाले होते. "हे तू लपवायचं आहेस." आणि स्वतःचे तपकिरी बूट त्यांनी तिच्या हातात दिले होते. पुढची सगळी वर्षे ती तेच बूट घालून, आत लोकरीचे मोजे कोंबून, त्यांच्यासाठी चालली.

चित्र सुरू होण्याआधी मेव्हिस दर वेळी एक वाक्य मोठ्याने म्हणत असे.

"आधी तुम्ही, मिस्टर स्टॅनार्ड. मी मागून येते."

दाराशी दोघे एकदम पोचले की तिथे कोणीही म्हणतो तेच हे वाक्य. पाववाल्याच्या दुकानात, टपाल कचेरीत, चर्चमध्ये. मेव्हिसला त्याचा उपयोग होता. पावले वाजवणाऱ्याचे पाऊल नटाच्या पुढे गेले की खेळ बिघडतो. ते केसभर मागे राहावे लागते. हे वाक्य म्हटले की तिचे पाय आपोआप मागे राहत.

मग सदुसष्ट साली स्टॅनार्ड गेले. एक चित्रपट अर्धवट राहिला. शेवटचा प्रसंग चित्रित झाला होता, पण त्यात पावले भरायची राहिली होती. निर्मात्याने डबे बंद करून टाकले.

तिथे हे सारे संपायला हवे होते.

*

ऑक्टोबरात एके सकाळी नॉर्मन गास्केल दारात उभा राहिला. नॉर्मन तिचा जुना सहकारी. ती चालायची आणि तो ध्वनिमुद्रण करायचा. निवृत्तीनंतर दोघेही याच गावात येऊन राहिले होते. नॉर्मनचा गुडघा गेलेला होता, जीभ शाबूत होती.

"मेव्हिस, बूट आहेत का अजून?"

"कोणाचे?"

"राणीचे. अगं, ऑब्रीचे! तो अर्धवट चित्रपट सापडलाय. आपल्या चित्रपट मंडळाला हवाय. नोव्हेंबरात स्टॅनार्ड सप्ताह करतायत, शनिवारी शेवटचा खेळ हा."

"आणि पावलं?"

"म्हणून तर आलोय. चहा टाकणार आहेस की दारातच तंगवणार आहेस?"

मेव्हिसने चहा टाकला. लोणी लावून भाजलेला बन पुढे ठेवला. ती लगेच हो म्हणाली नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांनी चुकले तर? लोकांना त्यांची पावलं पाठ आहेत."

"लोकांना तुझी पावलं पाठ आहेत, बाई. त्याला चालता कुठे येत होतं?"

मेव्हिसच्या हातातला कप थांबला.

हे नॉर्मनला कसे ठाऊक?

तिने तर कोणालाच सांगितले नव्हते.

"म्हणजे काय?" तिने जपून विचारले.

"काही नाही. नट लोक. सगळेच बदकासारखे चालतात." नॉर्मनने बनाचा तुकडा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

तिथून मेव्हिसच्या मनात पाल चुकचुकली.

नॉर्मनला खोड्यांची सवय होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने तिचे घोरणे टिपले होते आणि दिग्दर्शकासमोर ते पडद्यावरच्या बिशपच्या प्रवचनाखाली वाजवले होते. स्टॅनार्ड यांचे गुपित त्याच्या हाती लागले असेल, तर तो भर सभागृहात काय वाजवेल याचा नेम नव्हता.

आणि ते लपवायचा तिने स्टॅनार्ड यांना शब्द दिलेला होता.

*

ध्वनिमुद्रण समुद्राजवळच्या त्या छोट्या जुन्या थिएटरातच झाले. सकाळची वेळ, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. नॉर्मन वरच्या यंत्राच्या खोलीत. मेव्हिस पडद्यासमोर, नॉर्मनच्या शेडमधून आणलेल्या फळ्यांवर, पायात ते तपकिरी बूट.

"मेव्हिस, ऐकू येतंय का?" वरून कर्ण्यातून आवाज आला.

"येतंय. फळ्यांना खताचा वास येतोय."

"तुझ्या कामाला साजेसा आहे. चल, सुरू करतो."

दिवे गेले.

पडद्यावर हॉटेलचा लांब बोळ उमटला. लाकडी जमीन, दोन्ही बाजूंना बंद खोल्या, टोकाला एक दार. स्टॅनार्ड पाठमोरे. कॅमेरा कमरेच्या उंचीवरून त्यांच्या मागे सरकणारा. ते बोळ ओलांडतात, टोकाचे दार उघडतात, बाहेर जातात. दार उघडेच राहते. त्या उघड्या दारावर चित्रपट संपतो.

एकतीस वर्षांनी मेव्हिसला त्यांची पाठ दिसली.

तोंडातून सवयीने शब्द निघाले.

"आधी तुम्ही, मिस्टर स्टॅनार्ड. मी मागून येते."

ती चालली. पाय चुकला नाही.

वरती बराच वेळ काहीच हालचाल झाली नाही.

"नॉर्मन?"

"हं… वर ये जरा."

ती वर गेली. नॉर्मन यंत्रासमोर बसला होता. त्याने टेप मागे नेली आणि सुरू केली. आधी तिचे वाक्य ऐकू आले. मग तिची पावले, जशी हवीत तशी. आणि…

त्यांच्या किंचित आधी…

टक्… स्सर्र.

टक्… स्सर्र.

"पाय घासतेयस, म्हातारे," नॉर्मन म्हणाला. पण तो हसत नव्हता.

"तो माझा पाय नाही."

"मग काय माझा? मी इथे बसलोय."

"नॉर्मन, हे तू आधीच भरून आणलंस. ही जुनी टेप आहे."

"कोरी टेप तुझ्यासमोर फोडली मी! उलट मीच तुला विचारतो. त्याचं लंगडणं जगाला ऐकवायची हौस आली का तुला?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं!"

"पंधरा वर्षं कान लावून बसलो होतो त्याच्यापुढे, मेव्हिस. मी बहिरा होतो का? त्याला कळू दिलं नाही, इतकंच."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. जुन्या मित्राकडे पाहावे तसे नव्हे.

मग पुन्हा मुद्रण झाले. या वेळी मेव्हिस रागात होती. ती एक शब्दही न बोलता चालली. टेप स्वच्छ आली. तिची पावले, फक्त तिची.

नॉर्मनने तिच्यासमोर पहिली टेप पुसली.

*

त्या संध्याकाळी मेव्हिस बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाली. मधे छोटासा बोळ होता, लाकडी जमिनीचा.

तिने पाऊल टाकले.

टक्…

पुढून.

स्सर्र.

ती थांबली. तो आवाजही थांबला. स्वयंपाकघराच्या दाराशी.

पुढे कोणी नव्हते. कोट टांगायच्या खुंट्या, छत्र्या, भिंतीवरचे घड्याळ. पण दाराशी कोणीतरी थांबले की हवा जशी अडते, तशी ती अडली होती.

कोणीतरी वाट पाहत होते.

मेव्हिसने दिवा लावला, कोट बाजूला केले, छत्र्यांचा डबा उपडा केला. थिएटरात राहिलेले बूट पोचवायला म्हणून नॉर्मन दुपारीच येऊन गेला होता. काही सापडले नाही. तिने फोन लावला.

"नॉर्मन, यंत्र कुठे लपवलंस?"

"कसलं यंत्र?"

"माझ्या बोळात. वेड पांघरू नकोस."

"तुझ्या घरात लपवायला जागा आहे कुठे? सगळीकडे बूटच बूट. झोप जा, मेव्हिस."

पुढचे दिवस तसेच गेले. दुसऱ्या घरात कोणी दचकले असते, पळाले असते. मेव्हिस पावलांची जाणकार होती. ती ऐकत राहिली आणि तिला एक गोष्ट उमगत गेली. ती पावले तिचा पाठलाग करत नव्हती. नेहमी पुढे असत. एखादे दार आले की थांबत. ती त्या दारातून गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराशी थांबत.

आधी स्वयंपाकघराचे दार. मग बोळाचे. मग घराचे पुढचे दार.

दिवसेंदिवस बाहेरच्या दिशेने.

उलगडा पाववाल्याच्या दुकानात झाला. ती दाराशी पोचली आणि समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी दार धरून ठेवले.

"आधी तुम्ही," ते हसून म्हणाले. "मी मागून येतो."

मेव्हिस उंबऱ्यावरच थिजली.

हे वाक्य तिने त्या सकाळी कोणाला म्हटले होते?

जिवंत नटाला म्हटले, की ते एक काम होते. पण त्या सकाळी पडद्यावर होता तो गेलेला माणूस. उघड्या दाराकडे निघालेला. आणि त्याला ती म्हणाली होती…

मी मागून येते.

स्टॅनार्ड यांनी तिचा शब्द खरा मानला होता. ते वाट पाहत होते.

*

शनिवारी थिएटर भरले होते. मागे टेबलावर शेरीचे छोटे पेले आणि सॉसेजचे रोल मांडलेले होते. मंडळाच्या चिटणीस मिसेस बॉस्टॉक यांनी भाषण केले. दंडाधिकाऱ्याच्या भूमिकेत स्टॅनार्ड शिक्षा सुनावण्याआधी हातमोजे कसे काढत, याबद्दल त्या बोलल्या. एक एक बोट, जणू स्वतःचीच शिक्षा लांबवत होते. दीपगृहाच्या रखवालदाराच्या भूमिकेत ते अख्खा पहिला अर्धा तास जवळजवळ बोलतच नाहीत, आणि तरी बायकोवरचे प्रेम कळते, असेही त्या म्हणाल्या.

"पण मला विचाराल," त्या म्हणाल्या, "तर ऑब्री स्टॅनार्ड म्हणजे ती पावलं. लहानपणी आमचे वडील जिना चढायचे ना, तेव्हा मी डोळे मिटून समजायचे, स्टॅनार्ड आले."

"तुमचे वडील दारू पिऊन यायचे, हिलरी," मागून एक म्हातारा ओरडला. सभागृह हसले.

"म्हणूनच समजायचे!" मिसेस बॉस्टॉक म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

मेव्हिस मधल्या वाटेच्या कडेला बसली होती. बूट एका पिशवीत घालून मांडीवर घट्ट धरले होते. घरी ठेवून यायचा धीर झाला नव्हता. नॉर्मन वरती होता. चित्र एका यंत्रावर, पावलांची टेप दुसऱ्या यंत्रावर. शेवटचा बोळ आला की त्याच क्षणी टेप सुरू करायची होती.

चित्रपट सुरू झाला. स्टॅनार्ड या वेळी एक थकलेला विमा प्रतिनिधी होते. एकही मोठा प्रसंग नाही, तरी कोणी खोकले नाही. समोरच्याचे खोटे ऐकून घेताना त्यांच्या डोळ्यांखालची कातडी किंचित हलली आणि शेजारच्या बाईंनी रुमाल काढला.

मग शेवटचा बोळ आला.

स्टॅनार्ड पाठमोरे.

आणि… पडद्यामागच्या कर्ण्यातून काहीच आले नाही.

पाऊल नाही. टेपची सळसळसुद्धा नाही.

मेव्हिसने वळून वरच्या खिडकीकडे पाहिले. नॉर्मनची सावली यंत्राशी झटापट करत होती.

मग आवाज आला.

पडद्याकडून नव्हे. मागून. सभागृहाच्या मधल्या वाटेवरून.

टक्… स्सर्र.

पडद्यावर उजवा खांदा पुढे गेला की टक्. डावा गेला की स्सर्र. केसभरही मागेपुढे नाही. इतकी अचूक जुळणी मेव्हिसला आयुष्यात कधी साधली नव्हती.

आवाज तिच्या खुर्चीजवळून गेला. पायाशी वारा लागला. वाट रिकामी होती.

टक्… स्सर्र… पडद्याच्या दिशेने.

पडद्यावर स्टॅनार्ड यांनी दार उघडले. ते बाहेर गेले. दार उघडेच राहिले. पाऊल थांबले.

सगळे सभागृह श्वास रोखून बसले होते.

इथे चित्रपट संपायचा. पडदा काळा व्हायचा. पण त्याआधी, त्या उघड्या दाराचे चित्र पडद्यावर असतानाच…

टक्… स्सर्र.

पावले परत येत होती.

वाटेने वर. सावकाश. तिच्या रांगेपाशी येऊन…

थांबली.

मेव्हिसने पिशवी छातीशी आवळली. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, एखाद्या मुलीसारखे. ती उठली नाही.

दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मिसेस बॉस्टॉक धावत आल्या.

"मेव्हिस! तुम्ही हे सभागृहात, चालत केलंत? आणि ते लंगडणं! त्या माणसाचा सगळा थकवा आला हो त्यात! अंगावर काटा आला!"

मेव्हिसच्या पायात लोकरी अस्तराचे, मऊ तळव्यांचे बूट होते. त्यांचा वाटेवरच्या गालिच्यावर कसलाच आवाज होत नसे.

गर्दी पांगल्यावर नॉर्मन काठी टेकत खाली आला. चेहरा पिठासारखा.

"कसं केलंस?" त्याने विचारले.

"तू केलंस."

"मेव्हिस, माझी टेप सुरूच झाली नाही. सुरुवातीलाच अडकलेली आहे. वर येऊन बघ."

तिने वर जाऊन पाहिले. टेप जिथे लावली होती तिथेच होती.

*

नॉर्मनने तिला गाडीने घरी सोडले. बाहेर अंधारले होते. खडीच्या वाटेवरून दोघे आत आले. चहा झाला, पण कोणी प्यायले नाही. मेव्हिसने त्याला सगळे सांगितले. बोळातली पावले, दारे, आणि ते वाक्य.

नॉर्मन ऐकत होता. एकदाही मधे बोलला नाही. त्याचे ऐकणे पाहून तिला स्टॅनार्ड आठवले.

"म्हणजे तुझं म्हणणं," तो अखेर म्हणाला, "तो बिचारा एका दाराशी खोळंबलाय, कारण तू सभ्यपणे आधी तुम्ही म्हणालीस?"

"हसू नकोस."

"हसत नाही. इंग्रज माणूस आहे. कोणी मागून येते म्हटलं, की दार सोडून जायचा नाही तो."

"मग मी काय करू, नॉर्मन?"

"काही करू नकोस. तू फक्त बसून राहा."

तो काठीवर भार देत उठला. बोळातून पुढच्या दाराशी गेला. मेव्हिस मागोमाग खोलीच्या चौकटीपर्यंत आली आणि तिथेच थबकली. कारण दाराशी ती हवा अडलेली होती. तिला कळले. नॉर्मनलाही कळले असावे. तो किंचित बाजूला सरला.

त्याने दार उघडले. समुद्राचा वास आत आला.

मग त्याने, जुन्या जमान्यात करत तशी, टोपी काढली.

मेव्हिसला कळले तो काय म्हणणार आहे. तिने तोंड उघडले. त्याला अडवायला एक शब्द पुरे होता.

तो शब्द तिने उच्चारला नाही.

"आधी तुम्ही, मिस्टर स्टॅनार्ड," नॉर्मन म्हणाला. "मी मागून येतो."

काही क्षण काहीच नाही.

मग उंबऱ्यापलीकडे, खडीवर…

खर्र… स्सर्र.

खर्र… स्सर्र.

नॉर्मनने टोपी घातली. मागे वळून तिच्याकडे पाहिले आणि डोळा मिचकावला. खोडी काढल्यावर तो नेहमी मिचकावत असे, तसाच.

"दार लावून घे. गारठा आहे," तो म्हणाला आणि गेला.

*

त्या रात्रीपासून मेव्हिसच्या घरात शांतता झाली. बोळात फक्त तिची पावले वाजत. ती गाढ झोपू लागली. आणि सकाळी उठल्यावर तिला त्या झोपेची लाज वाटे.

फोन करायला तिला धीर होत नव्हता. आठवड्याने नॉर्मननेच केला.

"काय गं, येतात का पावलं अजून?"

"नाही." ती थांबली. "तुझ्याकडे?"

"इकडे कशाला येतील? माझ्याकडे चहासुद्धा धड मिळत नाही."

"नॉर्मन, खरं सांग. तू ते मुद्दाम म्हणालास का? मला सोडवायला?"

पलीकडून त्याचे ते खरखरीत हसू आले.

"सवय गं. दाराशी आलं, की तोंडातून निघतंच."

"नॉर्मन…"

"थांब हं जरा. दाराशी कोणीतरी आहे."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन त्याने बंद केला नाही.

मेव्हिस ऐकत राहिली. आयुष्यभर तिने तेच केले होते.

लाकडी जमिनीवर, दूर जाणारे…

टक्… स्सर्र. टक्… स्सर्र.

आणि त्यांच्या मागून, केसभर मागे, नॉर्मनच्या सपाता. पण काठीचा आवाज नव्हता.

मग दार उघडल्याचा आवाज आला.

ते बंद झाल्याचा आला नाही.

मेव्हिस ओरडत राहिली. रिसीव्हरमधून फक्त समुद्र ऐकू येत होता.

नॉर्मन सकाळी किनाऱ्याच्या खडीवर सापडला, पाण्याकडे तोंड करून बसलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले. त्याचा गुडघा असा होता, की काठीशिवाय त्याला स्वतःच्या फाटकापर्यंत जाता येत नसे. काठी घरातच होती, खुर्चीला टेकवलेली. घराचे पुढचे दार सताड उघडे होते.

मंडळाच्या वार्षिक अंकात त्या खेळावर लेख आला. स्टॅनार्ड यांच्या सगळ्या कारकिर्दीत शेवटच्या बोळातली ती चाल सर्वांत खरी वाटते, असे त्यात लिहिलेले होते. मेव्हिसने तो लेख वाचला आणि त्यातले एकही वाक्य तिला खोडता आले नाही.

तिला कोड्यात टाकते ते वेगळेच. नॉर्मनने चेष्टा केली, की जाणूनबुजून तिची जागा घेतली? आणि तो डोळा कोणाकडे पाहून मिचकावला? ती खोलीच्या चौकटीत उभी होती. नॉर्मनची नजर मात्र तिच्या खांद्यापलीकडे गेली होती, असे तिला आता वाटते.

आणि अलीकडे तिच्या बोळात पुन्हा आवाज येतो.

पुढून नाही, मागून. सपातांचा. ती थांबली की तोही थांबतो. दाराशी तर फार अदबीने थांबतो.

म्हणून मेव्हिस पेंड्री पुढचे दार कधी लावत नाही. दार बंद असले, की कोणीतरी ते उघडून धरणार.

आणि धरले, की कोणीतरी म्हणणार…